रस्त्यापलीकडचं पाणी

१

तात्यासाहेब सापडले ते भर दुपारी, स्वतःच्याच बैठकीत, लोडाला टेकून बसलेले. डोळे उघडे होते, म्हणून आधी कुणाला काही वाटलं नाही. मग डाव्या बरगडीखालचा डाग दिसला. जखम एकच, अरुंद, पण आत खोलवर गेलेली.

महिनाभरापूर्वी हे घडलं असतं, तर देवासच्या लोकांनी सुऱ्याचं नाव घेतलं असतं. त्या दिवशी मात्र दिवेलागण व्हायच्या आत साऱ्या गावाच्या तोंडी एकच शब्द होता: संगीन. कारण गावात चौकाचौकांत बंदुका उभ्या होत्या आणि प्रत्येक बंदुकीच्या टोकाला संगीन होती.

दिल्लीला दरबार भरला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. देवास म्हणजे गाव एक आणि राज्यं दोन. मोठ्या रस्त्याच्या उगवतीकडची घरं थोरल्या पातीची, म्हणजे राजघराण्याच्या थोरल्या शाखेची, मावळतीकडची धाकट्या पातीची. दोन दरबार, दोन कोतवाल, दोन पलटणी. माघापासून गावात सुरामारी सुरू झाली. चार जणांना भोसकलं, त्यातले दोघं दगावले. मारेकरी धावत रस्ता ओलांडायचा आणि या पातीचे पोलीस कडेला उभे राहून त्याची पाठ बघायचे. शेवटी दोन्ही दरबारांचं कधी नव्हे ते एकमत झालं आणि दोन्ही पलटणी रस्त्यावर आल्या. एका चौकात थोरलीचा शिपाई, पुढच्या चौकात धाकटीचा. दसऱ्याच्या स्वारीपुढे चालण्यापलीकडे ज्या पलटणींनी फारसं काही केलं नव्हतं, त्या आता भाजीबाजारावर पहारा देऊ लागल्या.

सुरामारी थांबली, हे खरं. बायका पुन्हा टेकडीवर देवीला जाऊ लागल्या. मान मात्र पूर्वीपेक्षा खाली घालून.

आणि पंधराव्या दिवशी तात्यासाहेब गेले. मयत धाकट्या पातीचा सरदार. समोरच्या कडेला पहाऱ्यावर असलेला शिपाई गणोजी थोरल्या पातीचा. त्याला तात्यासाहेबांच्या फाटकातून बाहेर पडताना पाहणारा साक्षीदार होता, आणि त्याच्या संगिनीच्या पन्हळीत तांबडं सापडलं होतं.

चौकशी कुणी करायची यावर दोन्ही दरबार तीन दिवस भांडले. मग दोघांच्याही भाऊबंदांचं राज्य म्हणून धारकडे माणूस मागितला. धारनं दोन पाठवले: फौजदारीचे दत्तोपंत, आणि त्यांच्याबरोबर उमाबाई.

२

उमाबाईंचं काम असं होतं की त्याला धारच्या दफ्तरात धड नावही नव्हतं. सरदारांच्या घरच्या बायका पडद्यात. फौजदारानं त्यांची जबानी घ्यायची कशी? म्हणून उमाबाई आत जायच्या, ऐकायच्या, लिहून आणायच्या. नवरा कचेरीत नकलनवीस होता. तो गेल्यावर त्याच्या रद्दीतल्या कागदांवर बोट फिरवत त्या वाचायला शिकल्या. म्हणून अजूनही त्यांना साधं पत्र लिहायचं झालं तरी सुरुवात 'सबब' या शब्दानं व्हायची. वय शेहेचाळीस, गुडघे त्याहून म्हातारे.

"तुम्ही आत जा," दत्तोपंत टांग्यातून उतरताना म्हणाले. "तसं उरलंय काय म्हणा. साक्षीदार आहे, रक्त आहे, शिपाई स्वतः कबूल करतोय की आत गेलो होतो. रविवारी निकाल. सोमवारी आपण इंदूरला, मंगळवारी घरी."

"आणि शिपाई?"

"शिपायाला फाशी." दत्तोपंतांनी पगडी नीट केली. "मला काही हौस नाही हो. पण दिसतंय ते दिसतंय."

इंदिराबाई, तात्यासाहेबांच्या पत्नी, आतल्या दालनात जमिनीवर बसल्या होत्या. रडून संपलेल्या माणसाचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज सपाट झाला होता.

"शिपाई रोज यायचा," त्या म्हणाल्या. "बाराच्या सुमाराला, विहिरीवर, पाणी प्यायला. रस्त्याच्या त्या कडेला गोडं पाणी नाही. उन्हात उभं पोर. मीच लोटा ठेववला होता तिथं. लोटा वाजला की मला कळायचं, बारा वाजले."

"त्या दिवशी वाजला?"

"वाजला. रहाटही वाजला."

"आणि किंकाळी?"

इंदिराबाईंनी मान वर केली. "कसली किंकाळी? मी या इथं होते, भिंतीपलीकडे. मला काही ऐकू आलं नाही. उमाशंकरपंत ओरडले तेव्हाच कळलं."

उमाशंकरपंत म्हणजे धाकट्या पातीच्या धान्यकोठीचे कारभारी; तीन वर्षांपूर्वी हाटपिपल्याहून आलेले. कोठी तात्यासाहेबांच्या घराच्या पाठीलाच. दोन्हींची मागची दारं समोरासमोर. किंकाळी ऐकून ते मागच्या दारानं धावत आले, ही त्यांची जबानी दत्तोपंतांच्या दप्तरात पहिल्या पानावर होती.

उमाबाईंनी ते मनात एका बाजूला ठेवलं. "तात्यासाहेबांना कसली काळजी होती का?"

"आदल्या दिवशी कुणीतरी आलं होतं. मी पडद्याआड होते, तोंड दिसलं नाही. हेच बोलत होते, तो माणूस नुसता हुंकार देत होता. 'दोन दिवस देतो,' म्हणाले. 'तुम्ही स्वतः त्याला घेऊन कोतवालीत जा. नाहीतर मला जावं लागेल.' मग मला म्हणाले, पलटण परत बराकीत जाईल आता, रस्त्यावर तिचं काही काम उरणार नाही."

"कोण होता तो, हे नाही सांगितलं?"

"मीही नाही विचारलं. तीस वर्षं नाही विचारलं, तेव्हा काय विचारणार." त्या पुढे म्हणाल्या, "तो गेल्यावर केर मात्र मी काढला. बैठकीच्या जाजमावर गहू पडले होते. चार-पाच दाणे. आमच्या बैठकीत गहू कुठून येणार?"

मग त्या उठल्या आणि कोनाड्यातून एक घडी काढून आणली. तात्यासाहेबांची बंडी. धुतलेली नव्हती.

"पुरुषमाणसं म्हणाली जाळून टाका. माझा हात धजेना."

उमाबाईंनी बंडी खिडकीच्या उजेडात धरली आणि भोकावर बोट ठेवलं. जन्मभर फाटकं शिवलेलं ते बोट होतं. ते भोकाच्या कडेवरून एकदा फिरलं, पुन्हा फिरलं आणि थांबलं.

"बाईसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "ही माझ्याकडे राहू दे. आणि कुणाला सांगू नका."

३

गणोजीला थोरल्या पातीच्या बराकीत ठेवलं होतं. सुभेदार हंबीरराव स्वतः किल्ली घेऊन आले. उंच, पिकल्या मिशांचा माणूस. पंधरा दिवसांत पाच वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा.

"बायकांची जबानी घेणाऱ्या बाई शिपायाकडे कशा?" त्यांनी विचारलं.

"याच्या पाण्याचा लोटा एका बाईनं ठेवला होता," उमाबाई म्हणाल्या. "तेव्हा तो माझ्याच दप्तरात येतो."

हंबीरराव हसले नाहीत, पण किल्ली फिरवली.

टेबलावर पंचनाम्याची संगीन होती. जुनी, तीन धारांची, धारांच्या मधे पन्हळी. एका पन्हळीत, बुडाशी, तांबडा कोरडा थर. उमाबाईंनी ती नाकाजवळ नेली आणि पुन्हा खाली ठेवली.

गणोजी सरदारपूरकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. उभा राहिला तो परेडवर राहावा तसा.

"त्या दिवशी पाणी प्यायला गेलास?"

"गेलो."

"बंदूक कुठं होती?"

"माझ्या हातात."

"संगीन?"

"बंदुकीवर. शिपाई हत्यार सोडत नाही." हे पाठ केल्यासारखं आलं आणि ते म्हणताना त्यानं हंबीररावांकडे पाहिलं.

"बाबा, तात्यासाहेबांना मारलंस?"

"नाही." आणि मग हळू आवाजात, "त्यांनी एकदा मला विचारलं होतं, ऊन लागतं का म्हणून. चौकात मला तेवढं एकानंच विचारलं."

उमाबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. दोन्ही तळव्यांवर दोराचे वळ होते, जुने आणि ताजे.

"विहीर खोल आहे ना रे? रहाट जड. मी आत्ताच ओढून पाहिला. दोन्ही हात लागतात, वर पाय टेकवावा लागतो." त्या साध्या सुरात म्हणाल्या. "बंदूक हातात धरून पाणी कसं काढलंस?"

गणोजीनं तळवे पाठीमागे नेले. त्याच्या कपाळावर घाम आला. खुनाबद्दल विचारलं तेव्हा आला नव्हता.

बाहेर आल्यावर हंबीररावांनी दाराला पुन्हा कुलूप लावलं. मग म्हणाले, "बाई, मी या पोरांना एकच शिकवलं. समोर शत्रू असला की काय करायचं ते. इथं समोर भाजीवाली आहे, शाळेतून घरी चाललेले मास्तर आहेत. पोरं प्रत्येकाच्या कमरेकडे बघतात, सुरा आहे का म्हणून. लोक पोरांच्या संगिनीकडे बघतात. पंधरा दिवसांत या रस्त्यावर कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही."

"तसं दरबारात का नाही सांगितलंत?"

"पलटणीला पहिल्यांदाच कुणी काम दिलं होतं." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "नको कसं म्हणू?"

"हत्यार सोडलं तर शिपायाला काय होतं, सुभेदार?"

"नोकरी जाते. फटके. गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही." हंबीररावांनी वळून पाहिलं. "का?"

उमाबाई चालू लागल्या. खून केला नाही असं सांगणारा पोरगा दुसऱ्याच कशाला तरी फाशीपेक्षा जास्त घाबरत होता.

४

गणोजीच्या चौकीच्या मागेच, उगवतीच्या कडेला, कमल फुटाणेवालीचा ओटा होता. उमाबाईंनी फुटाणे घेतले आणि गुडघ्याचं निमित्त काढून तिथंच बसल्या. ओटा शेणानं स्वच्छ सारवलेला. टोपलीच्या आडोशाला, भिंतीलगत, सारवणात एक खळगा पडला होता, लांबट, तळहाताएवढा. वर भिंतीवर तेलाचा काळपट पट्टा.

"इथं रोज काय टेकवता हो?"

"मुसळ," कमल म्हणाली.

"फुटाण्याला मुसळ?"

कमलनं भट्टीतली वाळू ढवळली. "धारच्या बाई, फुटाणे खा आणि घरी जा. या गावात मेलेला माणूस एका राज्याचा आणि धरलेला शिपाई दुसऱ्या राज्याचा, आपण कशाला मधे?"

"रविवारी त्याला फाशी सांगतील."

वाळूतला झारा थांबला.

"कोण म्हणतं?"

"तोच म्हणवून घेतोय. बंदूक माझ्या हातात होती, म्हणतो."

कमलनं झारा टाकला. "गधा कुठला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "भिया म्हणते मी त्याला, भावासारखा. त्याच्या हातात कशी असेल? हातात घेऊन जाऊच देत नाहीत ना. दोन दरबारांचा करारच तसा. या पातीचं हत्यार रस्त्याचा मध्य ओलांडणार नाही, त्या पातीचं इकडे येणार नाही. शिपायांना पहिल्याच दिवशी बजावलं. आणि पाणी तिकडे. मग बिचारा काय करणार? बारा वाजले की बंदूक माझ्या टोपलीमागे ठेवायचा आणि हात हलवत जायचा. नळी तापू नये म्हणून मी वर ओलं फडकं टाकायची. रोज. बिलकुल रोज. समोरच्या झरोक्यातल्या साऱ्या बायकांना माहीत आहे."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीपण. पाणी पिऊन आला, बंदूक घेतली, उभा राहिला. त्यानंतर मी एक घाणा भाजून काढला, तेव्हा पलीकडून ओरडा झाला."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी? कोतवालाची माणसं आली ती पुरुषांना विचारून गेली. आणि त्यानंच शपथ घातली होती, मावशी, बंदूक सोडली म्हणून कुणाला कळू देऊ नको, नोकरी जाईल. मला वाटलं, खून केला नाही तर सुटेलच की."

उमाबाई उठल्या. झरोक्यातल्या बायकांना जे माहीत होतं, ते एका साक्षीदाराला माहीत नव्हतं. त्यानं दप्तरात लिहून दिलं होतं की शिपाई फाटकातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात बंदूक होती आणि बंदुकीवर संगीन.

त्या संध्याकाळी त्यांनी दत्तोपंतांना दोन गोष्टी आणायला सांगितल्या. पहिली ऐकून दत्तोपंत गंभीर झाले. दुसरी ऐकून म्हणाले, "लिंबू? लिंबू कशाला?"

५

रविवारी सकाळी तात्यासाहेबांच्या बैठकीत चौघं जमले: दत्तोपंत, हंबीरराव, साक्षीदार म्हणून उमाशंकरपंत, आणि पडद्याजवळ उमाबाई. पडद्यामागे इंदिराबाई होत्या; त्यांच्या बांगड्या नव्हत्या, तरी त्या आहेत हे सगळ्यांना जाणवत होतं.

"आधी रक्त," उमाबाई म्हणाल्या. त्यांनी लिंबू चिरलं आणि संगिनीच्या पन्हळीत पिळलं. तांबडा थर ओलावला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

दत्तोपंत पुढे वाकले.

"कुंकू आहे," उमाबाई म्हणाल्या. "हळदीचं. लिंबू लागलं की पुन्हा हळदीवर येतं, हे कुठल्याही घरात विचारा. दसऱ्याला शस्त्रं पुजली तेव्हाचं. म्हणजे ही संगीन सहा महिन्यांत कशात गेली नाही आणि कुणी पुसलीही नाही."

"पूजेनंतर साफ करायची असते," हंबीरराव पुटपुटले. "सांगून सांगून दमलो."

"नाही केली हे त्याचं नशीब." उमाबाईंनी बंडी उलगडली. "आता हे. संगिनीला तीन धारा. तिचं भोक तीन फाट्यांचं पडेल. हे बघा, वाकडं आहे, द्वितीयेच्या चंद्रासारखं. शिवणाऱ्या बाईला हे बोटाला कळतं. मग जखम संगिनीची, हे पहिल्यांदा म्हणालं कोण? मी वैद्यांना विचारलं. ते म्हणाले, कोतवालांनी सांगितलं. कोतवाल म्हणाले, लोक बोलत होते. लोकांना विचारत गेले तर शेवटी एकच माणूस उरला, जो मागच्या दारातून ओरडत आला, 'संगीन मारली' म्हणून."

उमाशंकरपंत शांत होते. गोरे, नीटनेटके, उपरण्याची घडी न मोडलेले. "मी जे पाहिलं ते म्हणालो."

"काय पाहिलंत?"

"शिपाई फाटकाबाहेर पडताना. हातात बंदूक, तिच्यावर संगीन."

"पंत, त्याची बंदूक त्या वेळी रस्त्यापलीकडे फुटाण्याच्या टोपलीमागे होती, ओल्या फडक्याखाली. हत्यार घेऊन मध्य ओलांडायचा नाही, हा करार आहे. रस्त्यावरच्या झरोक्यांना तो माहीत आहे. तुमची कोठी मागे. दुपारी तुम्ही रस्त्यावर कधी नसता. शिपाई पाण्याला येतो एवढं लोट्याच्या आवाजावरून तुम्हाला ठाऊक होतं. बाकीचं तुम्ही मनानं भरलंत, आणि शिपाई म्हटला की हातात बंदूक असणारच, असं कुणालाही वाटेल तसं भरलंत."

हंबीररावांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. गणोजीनं काय लपवलं होतं, ते त्यांना आत्ता कळत होतं.

दत्तोपंतांनी उपरण्याखालून दुसरी वस्तू काढली. हातभर लांबीची लोखंडी सळई, पन्हळीसारखी पोकळ, टोकाला निमुळती. पोत्यात खुपसली की आतलं धान्य बाहेर येतं. कोठीवाले तिला परखी म्हणतात. "काल संध्याकाळी कोठीतून आणली," ते म्हणाले. "बाकी साऱ्या धुळीनं भरलेल्या. ही एकच घासलेली."

त्यांनी तिचं टोक बंडीच्या भोकात सरकवलं. ते कुठेही अडलं नाही.

"आदल्या दिवशीही तुम्हीच आला होता," उमाबाई म्हणाल्या. "जाजमावर गहू सांडून गेलात. परखी कमरेला लावून फिरता ना. तात्यासाहेबांनी दोन दिवस कुणाला दिले होते, पंत? आणि कोतवालीत कुणाला न्यायचं होतं?"

उमाशंकरपंतांनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

"धाकट्या भावाला," उमाशंकरपंत म्हणाले. "ती सुरामारी त्याची आणि त्याच्या तालमीतल्या पोरांची. मी त्याला पाच वर्षांचा असल्यापासून वाढवला. मी फक्त विनवायला आलो होतो. कोठीतून तसाच उठून आलो होतो, हातात परखी होती. ते म्हणाले, मेलेल्यांनाही भाऊ होते." त्यांनी उपरणं हातात चुरगळलं. "मग बाहेर लोटा वाजलेला आठवला. मला फार काही करावं लागलं नाही. रस्त्यावर संगीन उभीच होती. मी फक्त तिचं नाव घेतलं. पुढचं सगळं गावानं केलं."

पडद्यामागून इंदिराबाईंचा आवाज आला, तसाच सपाट. "त्याचा लोटा मी ठेवला होता, पंत. तुम्ही त्याच लोट्यावर त्याला फाशी दिलीत."

उमाशंकरपंतांनी मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही.

६

खुनाचं कोडं सुटलं, पण गणोजी सुटला नव्हता. हंबीरराव बराकीच्या ओसरीवर बसले होते आणि उमाबाईंच्या हातात कमलची जबानी होती, अजून सही न केलेली.

"ही दरबारात गेली की त्यानं पहाऱ्यावर हत्यार सोडलं हे सिद्ध," सुभेदार म्हणाले. "मला शिक्षा द्यावी लागेल. रोज सोडत होता, बाई. पंधरा दिवस."

"मी खोटं लिहीत नाही, सुभेदार. पण अर्धंही लिहीत नाही." उमाबाईंनी कागद पुढे केला. "वाचा."

हंबीररावांनी वाचलं. 'सबब, सदर शिपायास दोन हुकूम होते. पहिला, हत्यार सोडू नये. दुसरा, हत्यारासह रस्त्याचा मध्य ओलांडू नये. पाणी मध्यापलीकडे होते. दोन्ही हुकूम पाळावयाचे तर सदर शिपायाने चैत्राच्या उन्हात तहानेने मरावयास हवे होते. तसा तिसरा हुकूम त्यास कोणी दिल्याचे दफ्तरात आढळत नाही.'

सुभेदारांनी ते पुन्हा वाचलं. मिशीखाली काहीतरी हललं.

"हुकूम देणाऱ्यांत मीही होतो," ते म्हणाले.

"नाव नाही घातलं."

"घाला," हंबीरराव म्हणाले. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला, दौत मागवली आणि खाली स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या. सही करून कागद परत दिला तेव्हा त्यांची पाठ जरा सरळ झाली होती.

सोमवारी सकाळी टांगा मोठ्या रस्त्यानं निघाला. पंतांच्या भावाला आणि तालमीतल्या पोरांना दोन्ही कोतवालांनी पहाटेच धरलं होतं. रस्त्याच्या मध्यावर एकमेकांच्या हवाली करताना त्यांनी म्हणे पहिल्यांदाच एकमेकांची नावं विचारली. चौकात शिपाई नव्हता. कमल ओटा सारवत होती. भिंतीलगतचा खळगा तिनं भरून घेतला होता, आणि शेजारी कुणीतरी नवा रांजण ठेवला होता, तोंडावर ओलं फडकं, वर लोटा. लोटा इंदिराबाईंच्या घरचा होता.

"रांजण कुणी ठेवला?" उमाबाईंनी टांगा थांबवून विचारलं.

"सुभेदारांनी पाठवला," कमल म्हणाली. "आणि पलटण बराकीत नेली. त्या दिवसाच्या आधी सुचलं असतं तर काय हो, या कडेला रांजण ठेवायचं?"

"सुचलं असतं तर गणोजी रस्ता ओलांडून गेलाच नसता."

"मग पंतांनी कुणाचं नाव घेतलं असतं?"

उमाबाई लोटाभर पाणी प्यायल्या. पाणी गार होतं, आणि किंचित खारट. दुसऱ्या चौकातल्या शिपायाचं घेतलं असतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"भिया गावी गेला," कमलनं मग आपणहूनच सांगितलं. "महिन्याची रजा. नोकरी आहे. सुभेदार म्हणाले, परत आलास की आधी संगीन साफ कर."